शेवटच्या बांधीचं पाणी

तुम्ही उभे आहात ती आमच्या कोसमबोडीच्या तलावाची पाळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाका. सगळी पाळ सपाट आहे, फक्त मधोमध, त्या मोहाच्या झाडापाशी, बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा दिसेल. पावसात तोही झिजतो. पण दरवर्षी अक्षय्य तृतीयेला गावातल्या प्रत्येक घराची एक टोपली माती तिथे पडते, म्हणून तो खाली येत नाही.

माझं नाव मनसाराम कापगते. या तलावाचा मी पाणकर होतो, म्हणजे कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं ते बघणारा. धानाच्या शेताला आम्ही बांधी म्हणतो. आमची बांधी पाळीला लागूनच, पाणी सुटतं त्या तोंडाशी. लहानपणी मी बघायचो, पाट भरून पाणी आमच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पुढे निघून जायचं आणि आमचं धान मान टाकून उभं राहायचं. एकदा चिडून विचारलं, "आबाजी, आपली बांधी सगळ्यात जवळ, मग पाणी सगळ्यात शेवटी काहून?" आजा उठला. हात धरून मला इथे घेऊन आला, मोहाखाली बसवलं आणि सांगितलं ते असं.

फार जुनी गोष्ट म्हणे. इथे तेव्हा नुसतं रान होतं. आमचा मूळपुरुष चैतराम पाटील या बाजूला आला. भर उन्हाळ्यात चितळं या खोलगटात पाण्याला येतात, हे पाहून त्याने इथे तलाव बांधायचं ठरवलं. गावोगाव सांगावा धाडला, "जो माती वाहील, त्याच्या बांधीला पाणी." लोक आले. त्यांत सुकवारा नावाची एक बाई होती. नवरा वारलेला, अंगावर पिणारं लेकरू. त्या मोहाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून ती त्यात लेकरू निजवायची आणि दिवसभर टोपल्या वाहायची.

वैशाखात ते लेकरू तापाने गेलं. काही लोक तुम्हाला सांगतील की तलावासाठी बळी दिला. ते खरं नाही. आमच्या घरात तसं कधी कोणी सांगितलं नाही. लेकरू तापाने गेलं आणि सुकवाराने त्याला झोळीच्या खालीच मातीआड केलं. पाऊस तोंडावर आला होता, काम थांबवता येत नव्हतं. पाळ चढत चढत त्या जागेवरून पुढे गेली आणि लेकरू पाळीच्या पोटात राहिलं. चैतराम पाटील तिला म्हणाला होता म्हणे, "सुकवारा, हा तलाव जितका माहा, तितकाच तुहा."

तलाव भरला. बांध्या वाटल्या गेल्या. पाटलाची पाळीजवळ, त्याच्या भाऊबंदांची त्यापुढे, आणि सुकवाराची अगदी शेवटी, पाट जिथे संपतो तिथे. चांगल्या पावसाची वर्षं होती तोवर कोणाला काही वाटलं नाही. मग एक साल पाऊस मघा नक्षत्रातच पाठ फिरवून गेला. धान पोटरीवर आलेलं, जमिनीला भेगा. तलावात जेमतेम पाणी. जेवढं सुटायचं तेवढं वरच्या बांध्याच पिऊन टाकायच्या.

सुकवारा पाटलाकडे गेली. "पाटील, माही बांधी वाळून राह्यली." पाटील म्हणाला, "उद्या सोडतो." दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हाही उद्या. नंतर ती गेलीच नाही.

एका सकाळी लोकांनी पाहिलं, सुकवारा पाळीवर होती. कुदळ आणि टोपली घेऊन ती मोहाजवळची माती खणत होती. टोपली भरायची, पाळीखाली नेऊन रिकामी करायची, परत वर यायची. लोक जमले. पाटील धावत आला.

"सुकवारा, हे का लावलं? पाळ फुटली तं आहे तेवढंही पाणी जाईन!"

ती खणता खणता म्हणाली, "पाणी तुमचं हाये, पाटील. माती माही हाये. माहं मी नेऊन राह्यली."

पाटलाने गड्यांकडे पाहिलं. एकही गडी पुढे झाला नाही. त्यांच्यातल्या कित्येकांनी त्या झोळीला झोका दिला होता.

तेव्हा सुकवारा ताठ उभी राहिली. म्हणाली, "मले मातीचं काही नाई. मले माहं लेकरू पायजे. तुमच्या धानाची राखण कराले नाई निजवलं मी त्याले इथं."

 मग चैतराम पाटलाने डोईचं पागोटं काढून खाली ठेवलं. तिच्या हातची टोपली घेतली. पाळीखाली उतरून ती माती भरली, वर आणली आणि खड्ड्यात टाकली. खड्डा बुजेपर्यंत तो एकटा वर-खाली करत राहिला. कोणाला हात लावू दिला नाही. मग सगळ्यांच्या देखत बोलला, "या तलावाचं पहिलं पाणी शेवटच्या बांधीले. ती भरल्याबिगर माह्या वंशाच्या बांधीत थेंब जाणार नाई."

त्याने स्वतः तलावाचं तोंड उघडलं. फावडं घेऊन पाण्याबरोबर चालत गेला. पहिली वाट बुजवली ती आपल्याच बांधीची. तहानलेला पाट पाणी पीत होता. दिवस कलला तेव्हा कुठे पाणी सुकवाराच्या धुऱ्याशी पोचलं. ती रडली, असं काहीजण सांगतात. माझा आजा सांगायचा, रडली नाही. उठून बांधाची भोकं बुजवायला लागली. पाणी आलं की आधी तेच करायचं असतं.

त्या साली पाणी तेवढ्यालाच पुरलं, पाटलाचं सारं धान जळालं. भाऊबंदांचंही गेलं. पिकली ती एकटी शेवटची बांधी. पुढच्या वर्षी पेरायला गावात बियाणं नव्हतं. होतं ते सुकवाराच्या कोठीत. सगळे तिच्या दारात उभे राहिले, पाटील सगळ्यांच्या मागे. तिने प्रत्येकाच्या ओटीत धान घातलं. पाटलाची पाळी आली तेव्हा म्हणाली, "तुमचं शेवटी, पाटील. पन तुमचंबी हाये."

आज्याने मला एवढंच सांगितलं. मी पुन्हा कधी चिडलो नाही.

पुढे मोठा झालो, पाणकर झालो. दिवस बदलले. मालगुजारी, म्हणजे पाटलांची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. गाळ साचला. ज्यांच्या घरी कमाई होती त्यांनी बोअर मारल्या. माझ्या बरोबरीचे नागपूरला गेले ते तिकडचेच झाले. एका कोरड्या साली माझ्याच मुलाने, हेमराजने, तलावावर मोटर बसवली. मी जाऊन मोटरीशेजारी बसलो.

तो म्हणाला, "बाबा, आपलं धान मरून राह्यलं. सारेच मोटरी लावतीन, आपणच काहून थांबाचं?"

मी म्हणालो, "आपलं धान काही पहिल्यांदा नाई मरून राह्यलं, बेटा."

 डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, कर्त्या माणसाच्या. मग त्यानेच बटण बंद केलं, पाइप गुंडाळला आणि खांद्यावर टाकून घरी नेला. त्या साली आम्ही विकतचा तांदूळ खाल्ला. पण दुसऱ्या कोणी मोटर आणली नाही.

आजही आश्विनात तलावाचं तोंड उघडलं की वरच्या बांध्यांचे धनी आपापल्या धुऱ्यावर फावडं टेकवून गुमान उभे राहतात. पाणी शेवटच्या बांधीत धुऱ्यापर्यंत भरलं की तिथली बाई हाळी देते, "पोचलं गा!" खालचा वरच्याला सांगतो, तो त्याच्या वरच्याला, आणि ती हाळी बांधीबांधीने चढत या पाळीपर्यंत येते. खिशाखिशात फोन आहेत, पण फोनवरच्या निरोपाने कोणी फावडं हलवत नाही. मला आता ऐकू येत नाही. मी इथे बसून लोकांच्या हातांकडे बघतो. फावडी एकदम उचलली गेली की समजतो, पोचलं.