काढ्यातील अधिपती

चिनी वैद्यकात काढ्यातील प्रत्येक औषधीला दरबारातल्यासारखे पद असते: अधिपती, अमात्य, साहाय्यक, दूत. त्यांतील 'अधिपती' म्हणजे सर्वांत जहाल औषधी नव्हे, मापाने सर्वांत अधिक असते तीही नव्हे. रोग्याच्या मुख्य पीडेला जी सामोरी जाते, ती अधिपती. हा भेद ध्यानी असू द्यावा. पेईच्या ध्यानी तो राहिला नव्हता.

"...म्हणजे आणखी किती घालू, आचार्य? वेलीची मूठ तर दुप्पट केली!"

वृद्ध वैद्य तुंग अंगणात शेवंतीची फुले वाळत घालत होते. पेई हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. आणि ते त्याला ठाऊक होते.

आज तो आपल्या आईला डोलीतून घेऊन आला होता. तिचा चेहरा तांबडालाल, डोके गरगरणारे, नाडी ताणलेल्या तारेसारखी. आपण ज्याला उच्च रक्तदाब म्हणतो, तो त्या काळी वैद्य बोटांनीच ओळखत. अशीच नाडी असलेली त्याची मावशी गेल्या हिवाळ्यात अर्धे अंग लुळे पडून गेली होती.

"वाहिन्या आवळल्या आहेत," पेई म्हणाला. "त्या सैल करते ती आकड्यासारख्या काट्यांची वेल. म्हणून तीच अधिपती. माझे चुकले कुठे?"

"वैद्यबुवा, तुम्हीच सांगा याला," आई म्हणाली. "घटकेघटकेला मनगट धरून बसतो. नाडी काय पळून जाणार आहे?"

तुंग हसले.

"माझ्यासमोर काढा कर."

पेईने मातीचे भांडे चुलीवर ठेवले. अधिपतीचा मान पहिला, म्हणून आधी वेल घातली. मग शिंपल्याचा चुरा, मुळ्या, झाडाची साल. वर पाणी.

पाणी तापण्याआधीच तुंग उठले. चिमट्याने त्यांनी वेल तेवढी बाहेर काढली, फडक्यात गुंडाळली आणि परत बसून आपल्या मांडीवर ठेवली.

"आचार्य! तीच तर मुख्य!"

"म्हणूनच."

"पण तिच्यावाचून काढा कसला?"

तुंगांनी चुलीकडे बोट दाखवले.

पाणी उकळू लागले. शिंपल्याचा चुरा तळाशी खडखडत राहिला. पेई उठला, बसला, पुन्हा उठला. आईला भिंतीला टेकल्या टेकल्या डुलकी लागली. आचार्य फुले उलटत होते.

पाणी काळपट होऊन निम्म्यावर आले, तेव्हा तुंगांनी वेल भांड्यात सोडली. थोडी उकळी येऊ दिली. लगेच भांडे उतरवून काढा गाळला.

"एवढेच? तिचा कस तरी उतरला का?"

"घरी तू तिला किती उकळत होतास?"

"पहिल्यापासून. पाणी आटेपर्यंत."

"मग आईने काय प्यायले?"

पेईने गाळून उरलेल्या चोथ्याकडे पाहिले.

शिंपला दगडासारखा, तासन्‌तास उकळल्यावाचून तो काही देत नाही. वेलीचा गुण नाजूक. दीर्घ आचेवर तो नष्ट होतो. हे त्याने शिकताना घोकले होते. आईच्या काळजीने एक मूठ जाळली होती. मग दोन जाळल्या.

आईने घोट घेऊन तोंड वाकडे केले. "घरच्याहून कडू आहे मेला. म्हणजे यात काहीतरी असणार."

ती तेथेच राहिली. काढा रोज त्याच क्रमाने होत गेला. शेवंती वाळली, तोवर तिच्या चेहऱ्यावरची लाली ओसरली होती. एका सकाळी पेईने बोटे टेकवली, तर खाली तार नव्हती; सपाट रानातून चाललेले पाटाचे पाणी होते. नाडी पाहून झाली तरी त्याने हात सोडला नाही.

"झाले ना समाधान?" आई म्हणाली. "आता सोड. भात टाकू दे मला."

ही कथा सांगताना लोक येथे आचार्यांच्या तोंडी एक वाक्य घालतात: "अधिपती दरबारात सर्वांच्या शेवटी येतो." ते आचार्यांचे नव्हे. ते पेईचे आहे; आनंदाच्या भरात तो बोलून गेला आणि पुढे म्हणाला, "सारे त्या एका वेलीने केले!"

आचार्य भांडे घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"छान," ते म्हणाले. "मग इतका वेळ उकळत होते, ते कोण?"