धुरपदामावशीचं मत

फार वर्षांपूर्वी, कवठेदरीत अजून विजेचा खांबसुद्धा आला नव्हता, पण निवडणूक मात्र आली होती! गावाच्या अंगात आलं होतं नुसतं. अर्धं गाव कपबशीवाल्या रंगनाथ डोईफोड्यांचं, अर्धं छत्रीवाल्या सखाहरी तांबड्यांचं. सकाळी कपबशीचा चहा पिणारा दुपारी छत्रीखाली दिसायचा. एका पठ्ठ्यानं तर आठवड्यात चारदा पक्ष बदलला, असं म्हणतात.

निकाल लागला आणि घ्या! तीन कपबशी, तीन छत्री, आणि सातवी अपक्ष धुरपदामावशी. मावशी गावची सुईण. तिची लेक ओढ्यापलीकडच्या वस्तीत बाळंतपणात गेली होती, आणि ओढ्याला पूर असल्यामुळं मावशी अलीकडं ऊर बडवत राहिली होती. ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल व्हावा, एवढ्याचसाठी ती निवडणुकीला उभी राहिली. आता ती ज्याला मत देईल तो सरपंच! रंगनाथांनी साडीचोळी पाठवली, तिनं परत धाडली. सखाहरींनी देवदर्शनाला न्यायला जीप पाठवली. मावशी म्हणाली, "माझा देव ओढ्यापल्याड हाय. तिथवर जाती का तुमची जीप?"

सरपंच निवडीचा दिवस उजाडला. सभा दुपारी एकला. निवड घ्यायला साहेब तालुक्याहून येऊन बसलेले, दोन्हीकडचे गुलाल घेऊन तयार. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली, "मावशे! पारूला कळा लागल्यात! मूल आडवं हाय!"

ओढा छातीभर पाण्यानं फुसांडत होता. मावशीनं पदर खोचला.

"मत देऊन जा की," रंगनाथ आडवे आले.

"आन् पोटातलं लेकरू सरपंच ठरंस्तवर थांबंल व्हय रं?" असं म्हणून ती पाण्यात शिरलीसुद्धा!

झाली पळापळ! मावशी वाहून गेली तर मत गेलं. रंगनाथांनी तिचा उजवा हात धरला. एकट्या कपबशीला श्रेय जातंय म्हटल्यावर सखाहरींनी डावा धरला. मग माणसांची साखळी करायची ठरली, पण भरवसा कुणाचा कुणावर? कपबशीवाले म्हणाले, छत्रीवाले मधेच हात सोडतील. छत्रीवाले म्हणाले, तुम्हीच सोडाल. शेवटी एक कपबशीचा, एक छत्रीचा, असे आलटूनपालटून उभे राहिले. कुणी हात सोडला तर त्याचाही माणूस बुडणार! त्या साखळीला धरून धरून मावशी पुढं सरकू लागली. आणि काय नवल, ती मधोमध पोचली तेव्हा छातीचं पाणी गुडघ्यावर उतरलं, असं म्हणतात. मावशीला त्याचं भानही नव्हतं. तिला फक्त पारूचं ओरडणं ऐकू येत होतं.

एक घटका गेली, दुसरी गेली. पाणी पुन्हा छातीला लागलं, पण साखळी हलली नाही. साहेबांचं घड्याळ एकला पाच कमी असताना जे थांबलं ते थांबलंच, असं म्हणतात. मग एकदम टँहां ऐकू आलं! आई सुखरूप, पोरगी सुखरूप! काकडलेल्या माणसांनी असा काही जल्लोष केला की कपबशीवाल्यांनी छत्रीवाल्यांचे मुके घेतले.

मावशी ओल्या लुगड्यानंच सभेत आली. ती म्हणाली, "सरपंच कुणीबी करा. पहिला ठराव साकवाचा लिहा, मग माझं मत मागा." सातही हात एकदम वर गेले. त्या दिवशी सरपंच कोण झालं, हे मात्र गावात कुणालाच धड सांगता येत नाही. विचारलं तर लोक साकवाकडं बोट दाखवतात.

आजही कवठेदरीत सरपंच निवडीच्या सकाळी फुटण्याच्या भीतीनं सदस्यांना कुणी सहलीला पळवत नाही. सगळे सदस्य साकवावर एकाआड एक पक्षाचे उभे राहतात. वस्तीतलं सगळ्यात लहान बाळ या हातातून त्या हातात देत अलीकडच्या काठापर्यंत आणतात. एवढा वेळ कुणी हूं की चूं करत नाही. बाळाची आई साकव ओलांडून येते, लेकराला पदराखाली घेते आणि मोठ्यानं म्हणते, "धुरपदामावशीच्या नावानं पोचलं बरं का! आता खुशाल भांडा!"