हाकेची घळ

“वळून पाहायला काय जात होतं? एवढी माणसं या वाटेने गेली, एकालाही मान फिरवता आली नाही?”

खोलवाडीचे भाटकरकाका हे याच जागी म्हणतात, आणि म्हणताना कोणाकडेही पाहत नाहीत. काटेबंदराहून निघालेली किनाऱ्याची वाट इथे कड्यावरून खाली उतरते. समोर काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे. ओहोटीला तिच्या तळातून चालत जाता येतं. पाणी चढलं की वाट बंद. घळीपलीकडे खोलवाडीचे माड दिसतात, चुलीचा धूर दिसतो, आणि भुकेल्या माणसाचे पाय आपोआप उचलतात.

शाल्मलीचे पाय तर सकाळपासूनच उचलत होते. शहरातल्या माणसांना किनारा पायांनी कळावा, गावातल्या माणसांशी त्यांची ओळख व्हावी, म्हणून ती अशा पायी सहली काढायची. त्या ओळखीवर तिचा जीव होता. पण सहलीत ती स्वतः कायम चार पावलं पुढे आणि नजर घड्याळावर. काकांचं बोलणं आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटून ती चपापली. तिच्यामागे चालणारी मंडळी कड्यावर विखुरली होती, आणि गुडघेदुखीचे पेठेकाका तर दिसतही नव्हते.

“आता एकेकाने थांबायचं,” भाटकरकाका म्हणाले. “मागच्याला नावाने हाक मारायची. तो आला की मगच घळीत उतरायचं.”

“काका, मी मोजते ना सगळ्यांना. झटकन होईल.”

“मोजायचं नाही. इथे माणसं मोजत नाहीत.”

“मग कळणार कसं सगळे आले ते?”

“तेच तर सांगायचंय. बसा. साहेबांचा गुडघा येईतोवर सांगून होईल.”

शाल्मली बसली नाही. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभी राहिली. काकांनी कातळावर बूड टेकलं आणि सांगायला सुरुवात केली.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा खोलवाडीला रस्ता नव्हता. पुरुष गलबतांवर जात ते महिनोन्महिने परतत नसत, आणि मागे बायका किनाऱ्याच्या कातळी खडपांवर पोट भरत. अवसेच्या पहाटे समुद्र लांब मागे सरतो. एरवी पाण्याखाली असलेले कातळ उघडे पडतात आणि त्यांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं हाताशी येतात. वाडीतल्या सगळ्या बायका लोखंडी टोचे आणि टोपल्या घेऊन घळ ओलांडून इकडे यायच्या, भरती लागायच्या आत परत जायच्या. परतल्यावर पारापाशी टोपल्या ओळीने मांडायच्या. जाणत्या बाईने प्रत्येक टोपलीला हात लावून मोजायचं. जेवढ्या टोपल्या गेल्या तेवढ्या आल्या की सगळ्या बायका आल्या. कालवांची टोपली सोडून कुठली बाई घरी येईल? एवढा साधा हिशेब, आणि तो कधी चुकला नव्हता, म्हणे.

त्या वाडीत सुगंधा नावाची एक नवी सून होती. तिचं चालणं म्हणजे पळणं. पाण्याला गेली तर कळशी हिंदकळून अर्धी व्हायची, सासू म्हणायची, “बाय माझी, विहीर काय पळून चाललीय?” लग्न झालं आणि आठवड्यात नवरा गलबतावर गेला. तेव्हापासून तिची नजर दर्यावरून हलत नव्हती.

आणि देवकू नावाची एक म्हातारी होती. तिचं कोणी नव्हतं. नवरा दर्यात गेलेला, पोर जगलेलं नाही. चालायची अगदी सावकाश, मध्येच कातळावर टेकायची, स्वतःशीच गुणगुणायची. बायका तिला हसायच्या आणि घरी भाकरी केली की एक तिच्या दारात ठेवायच्या. दोन्ही खरं.

त्या अवसेला पहाटेच कालवं भरपूर मिळाली. बायका टोपल्या उचलायला वाकल्या तोच कोणीतरी ओरडलं, शीड दिसतंय! गलबत आलं होतं. मग काय विचारता. सगळ्यांचे पाय वाडीकडे पळू लागले, आणि सर्वांत पुढे सुगंधा. पण वाट अरुंद, आणि वाटेत देवकू. टोपली डोक्यावर सावरत ती एक पाऊल टाकी, थांबे, दुसरं टाकी. मागे सगळ्या खोळंबल्या. सुगंधेला राहवेना.

“आये, द्या इकडे ती टोपली. मी नेते. तुम्ही या मागनं.”

“जड आहे गो.”

“असू दे. द्या!”

म्हातारीने टोपली दिली. टोपलीखालची चुंबळ तेवढी तिच्या हातात राहिली. ती बाजूला सरकून कातळाला टेकली आणि म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. मी येतंय.”

सुगंधेने एक टोपली डोक्यावर, दुसरी कमरेवर घेतली आणि घळ पार केली. तिच्यामागून सगळ्या. चांगुलपणा होता तो, असं तिला वाटलं. होताच. पण त्यात घाई किती आणि चांगुलपणा किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पारापाशी तिने दोन्ही टोपल्या आपटल्या आणि बंदरावर धावली. जाणत्या बाईने टोपल्यांना हात लावला. गेल्या होत्या तेवढ्या आल्या होत्या. सगळ्या आल्या, म्हणाली ती. चुली पेटल्या, कालवं शिजली, तांदळाच्या भाकऱ्या पडल्या. कित्येक महिन्यांनी पुरुष घरी आले होते. सगळ्या वाडीने एकत्र बसायचं ठरवलं. पारावर पानं मांडली गेली. कोणाच्या घरचं माणूस कमी नव्हतं. देवकूच्या घरी तर माणूसच नव्हतं, मग कमी आहे हे कळणार कुणाला?

सुगंधा नवऱ्याबरोबर बंदरावरून आली तेव्हा जेवणं अर्ध्यावर आली होती. ती बसायला वाकली, आणि तिची नजर पाराच्या कडेला उपड्या घातलेल्या रिकाम्या टोपल्यांवर गेली. तिची. आणि शेजारी देवकूची.

“देवकूआये कुठे आहेत?”

“असेल घरी.”

“पाहिलं का कोणी?”

“टोपली आली ना तिची?”

टोपली मी आणली, एवढं ती म्हणाली, आणि पळाली.

घळीत पाणी भरलं होतं. अवसेची भरती, ती काय थोडकी असते? लाट आत शिरत होती, कातळावर फुटत होती, आणि त्या आवाजात स्वतःचा शब्दही ऐकू येत नव्हता. सुगंधा काठावर उभी राहून हाका मारू लागली. देवकूआये! ओ देवकूआये! उत्तर नाही. ती पुढे गेली, लाटेने तिला मागे ढकललं. पुन्हा हाक. पुन्हा. किती वेळ, ते कोणी सांगत नाही. शेवटी तिच्या गळ्यातून आवाजाऐवजी नुसती खरखर येऊ लागली, मग तीही थांबली. तिचे ओठ हलत होते, हाक निघत नव्हती.

इथे शाल्मलीने मध्येच विचारलं, “आणि बाकीचे? ते काय करत होते?”

“जेवत होते,” काका म्हणाले.

“जेवत होते? कोणालाच उठावंसं वाटलं नाही?”

“काहींना वाटलं असेल. वाटणं वेगळं आणि उठणं वेगळं. पुढे ऐका.”

सुगंधा वाडीत परत आली. तिला बोलता येत नव्हतं. ती सरळ चुलीपाशी गेली आणि एकेका टोपावर झाकण ठेवलं. वाढणाऱ्या बायकांच्या हातातले डाव काढून घेतले. सासू म्हणाली, ही काय नवीन तऱ्हा? नवरा म्हणाला, “अगं, बस. चार घास खा, मग बघू.” तिने त्याचा उष्टा हात धरला आणि ओढला. मग दुसऱ्याचा धरला. पारावरच्या माणसांना एकेक करून ती उठवू लागली. कोणी हसलं, कोणी चिडलं. पण तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर कोणाला पानावर बसून राहता येईना. अख्खी वाडी उष्ट्या हातांनी वाटेला लागली.

घळीच्या काठाने सगळे उभे राहिले. सुगंधेने पहिल्या माणसाच्या छातीवर हात ठेवला आणि घळीकडे बोट केलं. त्याला कळलं. त्याने हाक मारली. मग तिने दुसऱ्याच्या छातीवर हात ठेवला. असं करत करत सगळी वाडी एका सुरात एकच नाव घेऊ लागली. ज्या बाईला वर्षानुवर्षं नुसतं म्हातारीच म्हणत आले, तिचं नाव, म्हणे, त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडी आलं.

आणि समुद्र गप्प झाला. लाट आत आली आणि न फुटता तशीच थांबली. एक श्वास घ्यावा एवढाच वेळ. त्या शांततेत घळीच्या आतून आवाज आला, सगळ्यांनी ऐकला:

“येतंय गो. तुम्ही व्हा पुढे.”

मग लाट फुटली.

सुगंधेच्या नवऱ्याने कमरेला दोर बांधून पाण्यात उडी घातली. हाती काही लागलं नाही. पाणी ओसरल्यावर लोकांनी घळ तळापासून धुंडाळली, खडपं पाहिली, पुढचे किनारे पाहिले. देवकू कुठेच नव्हती. फक्त घळीच्या भिंतीत, भरतीचं पाणी जिथे डोक्यावरून जातं अशा एका खोबणीत, तिची चुंबळ होती. कोरडी ठणठणीत.

म्हणून देवकू गेली असं खोलवाडीत कोणी म्हणत नाही. ती मागून येतेय, असं म्हणतात. सुगंधेचा आवाज कधीच परत आला नाही. तिने नेम धरला: देवकूचं पान मांडल्याशिवाय जेवायचं नाही, आणि वाटेवर सगळ्यांच्या मागे चालायचं. पुढच्या बाईने वळून तिला नावाने हाक मारायची, तिने टाळी वाजवायची. म्हातारी होईपर्यंत ती तशीच मागून चालत राहिली. धावताना तिला पुन्हा कोणी पाहिलं नाही.

“हे पटत नाही मला,” शाल्मली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “शिक्षा तिनेच का भोगायची? ती एकटी तर परत गेली होती!”

काका उठले, धोतर झटकलं. “मला तरी कुठे पटतंय? दरवेळी सांगतो आणि दरवेळी चिडतो. चला, तुमचे साहेब आले.”

पेठेकाका कड्याच्या वळणावर दिसले, काठी टेकत, घामाघूम. शाल्मलीने हाक मारली. एरवी तिने “चला, चला” म्हटलं असतं. आता नाव घेतलं. एकेकाने मागच्याला बोलावलं. सर्वांत शेवटी पेठेकाका. त्यांच्यामागे कोणी नव्हतं. भाटकरकाकांनी त्यांना घळीकडे तोंड करून उभं केलं आणि कानात काहीतरी सांगितलं. पेठेकाका आधी संकोचले, मग मोकळ्या गळ्याने म्हणाले, “देवकूआजी, या हो!” सगळे क्षणभर थांबले. पाण्याचा आवाज चालूच होता.

आजही खोलवाडीतून कोणी या वाटेने गेलं की घळीपाशी हीच रीत. शेवटचा माणूस देवकूला हाक मारतो. आजही वाडीत चार पानं मांडायची असली तर पहिलं पान तिचं असतं, आणि सगळे येऊन बसल्याशिवाय टोपावरचं झाकण उचलत नाहीत. ते पहिलं पान वाया जात नाही. जो कोणी मागून येईल, ओळखीचा असो वा नसो, ते त्याचं.

त्या दिवशीही भाटकरकाकांच्या अंगणात पानं मांडली होती. कालवांचं सुकं, वालाची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी. सगळ्यांनी हातपाय धुतले, पानांवर बसले. सकाळी गाडीत ठेवलेल्या पिशव्या पडवीत नीट ओळीने लावलेल्या होत्या. शाल्मलीने बसल्या बसल्या त्यांच्यावरून नजर फिरवली. एकही कमी नव्हती. तिने घड्याळ पाहिलं. झाकण अजून टोपावर होतं.

“शेवंतीवहिनी, वाढा आता,” ती म्हणाली. “सगळे आलेत.”

काकांची भावजय शेवंतीवहिनी डाव हातात धरून तशीच उभी राहिली. “ह्या पिशव्या कोणी आणल्या गो?”

“गाडीतून आल्या. रस्त्याने.”

“गाडी आपली आपण आली?”

शाल्मली उठली. “ड्रायव्हर खाली असेल, बोलावते.”

“नाव काय त्याचं?” वहिनींनी विचारलं.

शाल्मली थबकली. सकाळपासून तिने त्याला किती सूचना दिल्या होत्या. इथे थांबा, तिथून वळवा, पिशव्या सांभाळून उतरवा. नाव विचारलं नव्हतं. तिने बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे पानांकडे पाहत होते.

“हणमंत,” पेठेकाका म्हणाले. “गुडघ्यामुळे पुढच्या सीटवर होतो मी. कोरेगावकडचा आहे.”

ती अंगणाच्या कडेला गेली. खाली माडांच्या सावलीत गाडी उभी होती. दार उघडं, आणि दारातून बाहेर आलेले दोन पाय. तिने हाक मारली. पाय हलले नाहीत. पुन्हा मारली. पाय एकदा आत गेले आणि पुन्हा बाहेर आले. मग ती पायऱ्या उतरून अर्ध्यावर गेली आणि सगळा जीव गळ्यात आणून ओरडली, “हणमंतदादा! जेवायला या! थांबलोय आम्ही!”

तेव्हा तो खाली उतरला, इकडेतिकडे पाहिलं, आपल्याच छातीला बोट लावून विचारलं, आणि तिने मान हलवल्यावर गडबडीने वर आला. हात धुतले. पहिलं पान मोकळं होतं, वहिनींनी त्यावर त्याला बसवलं आणि झाकण उचललं. शाल्मली त्याच्या शेजारी बसली. झोप लागली होती का, तिने विचारलं.

“नाही हो ताई,” तो भाकरी मोडत म्हणाला. “पहिलीच हाक ऐकली मी. पण नावाने होती, म्हटलं दुसऱ्याच कुणाला तरी असेल.”