भुंडूला आलाय राग

या, बसा. कान इकडे करा. आजची गोष्ट रागाची आहे. गोड नाही. तिखट आहे!

एक होतं करडू. शेळीचं पिल्लू. एवढंस्सं! डोक्यावर शिंगं नव्हती, म्हणून नाव पडलं भुंडू.

भुंडूच्या आईचं नाव कबरी. कबरी खुंट्याला बांधलेली. भुंडू मोकळं.

त्या घरात एक मुलगी होती. तिचं नाव हौसा. हौसाने काय केलं? भुंडूला धरलं. बादलीत बसवलं. वासाचा साबण आणला. चोळ चोळ चोळलं! बदाबदा पाणी ओतलं!

भुंडूला विचारलं का? छे! लहानांना कोण विचारतंय!

भुंडूला येऊ लागला गुलाबाचा वास. भुंडूच्या पोटात लागली भूक. पळालं आईकडे. टुणुक टुणुक टुणुक.

"आई, आई, दूध दे!"

कबरीने नाक खाली केलं. हुंग हुंग हुंग.

"हा वास गुलाबाचा. माझ्या बाळाचा नाही. चल, हो तिकडे!"

"आई, मीच तुझं बाळ!"

"माझ्या बाळाला आमच्या गोणपाटाचा वास येतो. तो वास आण. मग जवळ घेईन. नाही तर नाही!"

शेळीचं असंच असतं बाई. नाक म्हणेल ते खरं. समोर बाळ उभं, तरी नाकच खरं!

भुंडूला रडू नाही आलं. भुंडूला आला राग. नाकपुड्या फुगल्या. शेपटी ताठ झाली. पाय आपटले. थाड थाड थाड!

गोणपाट कुठे होतं? रोज त्याच्यावर आई आणि भुंडू झोपायची. आज हौसाच्या आईने ते ऊन दाखवायला दोरीवर टाकलेलं. भुंडू गेलं दोरीखाली. थाड थाड थाड!

"गोणपाटा, गोणपाटा, खाली ये!
आई जवळ घेईना!
मला आलाय राग! राग राग राग!"

गोणपाट म्हणालं, "मला यायचंय रे. पण दोरीने घट्ट धरलंय. दोरी सोडेल, तर मी येईन."

भुंडू दोरीला म्हणालं,

"दोरीबाई, दोरीबाई, गोणपाट सोड!
आई जवळ घेईना!
गोणपाट खाली येईना!
मला आलाय राग! राग राग राग!"

दोरी म्हणाली, "सारखं काय आई आई? एकट्याने राहायला शिक आधी!"

"आधी आई, मग बाकी काही!" भुंडू ओरडलं.

दोरी म्हणाली, "वारा हलवेल, तर मी सोडीन."

वारा होता चिंचेच्या शेंड्यात. झोपलेला. घुर्र घुर्र! भुंडू गेलं चिंचेखाली. थाड थाड थाड!

"वारेदादा, वारेदादा, दोरी हलव!
आई जवळ घेईना!
गोणपाट खाली येईना!
दोरी त्याला सोडेना!
मला आलाय राग! राग राग राग!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "केवढा आरडाओरडा! गप्प बसायला शिक आधी!"

"आधी आई, मग बाकी काही!"

वारा म्हणाला, "चिंच हलेल, तर मी उठेन." आणि पुन्हा घुर्र घुर्र! बघा तरी. एका करडाचं पोट रिकामं, आणि हा घोरतोय!

भुंडू चिंचेला म्हणालं,

"चिंचेआजी, चिंचेआजी, फांदी हलव!
आई जवळ घेईना!
गोणपाट खाली येईना!
दोरी त्याला सोडेना!
वारा काही उठेना!
मला आलाय राग! राग राग राग!"

चिंच म्हणाली, "बाकीची करडं बघ. दगडावर कशी उड्या मारतात! आणि तू बसलंस रडत. उडी मारायला शिक आधी!"

"हे रडणं नाही! हा राग आहे!" भुंडूने चिंचेच्या बुंध्याला लाथ मारली. थाड! "आधी आई, मग बाकी काही!"

चिंच म्हणाली, "मी आपली आपण हलत नाही. खार उडी मारेल, तर मी हलेन."

खार बसली होती भिंतीवर. शेपूट सावरत. भुंडू गेलं भिंतीपाशी. थाड थाड थाड!

"खारूताई, खारूताई, उडी मार!
आई जवळ घेईना!
गोणपाट खाली येईना!
दोरी त्याला सोडेना!
वारा काही उठेना!
चिंच मेली हलेना!
मला आलाय राग! राग राग राग!"

खार म्हणाली, "चिर्रर्र! मोठ्यांशी असं बोलतात? नीट बोलायला शिक आधी!"

वा गं शहाणे! पोटात कावळे ओरडतायत, आणि म्हणे नीट बोल!

"आधी आई, मग बाकी काही!"

खार म्हणाली, "शेंगदाणा मिळेल, तर मी उडी मारीन. हौसाकडे आहे शेंगदाणा."

हौसाकडे! साबण लावला तीच ही हौसा! भुंडूच्या अंगाची आग आग झाली. हौसा पायरीवर बसली होती. मजेत दाणे खात होती. भुंडू तिच्यासमोर उभं राहिलं. थाड थाड थाड!

"हौसे, हौसे, दाणा दे!
आई जवळ घेईना!
गोणपाट खाली येईना!
दोरी त्याला सोडेना!
वारा काही उठेना!
चिंच मेली हलेना!
खार उडी मारेना!
मला आलाय राग! राग राग राग!"

हौसा हसली. "अगं बाई! किती छान दिसतंय माझं सोनं! आई नाही घेत? ये, मी घेते. मीच तुझी आई!"

"तू नाहीस! तू नाहीस! तू नाहीस!"

भुंडूने हौसाचा फ्रॉक दातात धरला. ओढला. टर्र!

"माझा नवा फ्रॉक!" आता हौसालाही आला राग. "मी आंघोळ घातली, मी साबण लावला, आणि मलाच त्रास? चोर तर चोर, वर शिरजोर!"

भुंडू हललं नाही. तिथेच उभं. त्याचे पाय लटलट कापत होते. पोट अगदी आत गेलं होतं.

तेवढ्यात खुंट्याकडून हाक आली. "बें! बें! बें!"

कबरी दावं ताणत होती. इकडे बघत होती. तिकडे बघत होती.

हौसाने विचारलं, "ती कुणाला हाक मारतेय?"

"मला!" भुंडू म्हणालं. "मी इथेच आहे, आणि ती मलाच शोधतेय!"

हौसाने आपला हात नाकाशी नेला. हुंग हुंग. गुलाब! तिने भुंडूचं डोकं हुंगलं. हुंग हुंग. गुलाब!

हौसाचं तोंड एवढंस्सं झालं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला विचारलंच नाही मी. चुकलं."

हौसा धावली दोरीकडे. गोणपाट ओढायला गेली. पण दोरी उंच. हौसा बुटकी. उडी मारली, हात पुरेना. पुन्हा मारली, तरी पुरेना!

मग हौसाने खिशात हात घातला.

हौसाने दिला दाणा.
खारीने मारली उडी. चिर्रर्र!
चिंच हलली. सळसळ सळसळ!
वारा उठला. सूं सूं सूं!
दोरी हलली. झुलली. सुटली पकड!
आणि गोणपाट आलं खाली. धप्प! भुंडूच्या डोक्यावरच!

भुंडू गोणपाटात लोळलं. या कुशीवर, त्या कुशीवर. पाठ घासली, पोट घासलं, कान घासले. लोळ लोळ लोळलं! गुलाब पळाला!

मग गेलं आईसमोर.

कबरीने नाक खाली केलं. हुंग हुंग हुंग. आणखी हुंग हुंग हुंग.

"माझं बाळ! अगं बाई, माझं बाळ! कुठे होतंस रे?"

आता भुंडूने काय करावं? दूध प्यावं ना? नाही! भुंडूने पाठ फिरवली.

"मी तर इथेच! तुझ्यासमोर! हो तिकडे म्हणालीस! जा, मी येत नाही. मला आलाय राग! राग राग राग!"

कबरी "गप्प बस" म्हणाली नाही. "शहाण्यासारखं वाग" म्हणाली नाही. तिने दावं ताणलं. खूप ताणलं. खुंटा डुगडुगला. मान लांब केली. आणि भुंडूची पाठ चाटली. लप लप लप. मान चाटली. लप लप लप. कान चाटले. लप लप लप.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तू रागाव. हवं तेवढं रागाव. रागावलेलं असलंस तरी माझंच!"

मग भुंडू वळलं. डोकं खाली घातलं. आईच्या कासेला दिली धडक. ढुश्श! आणखी एक. ढुश्श!

कबरी हसली. करडं अशीच पितात. आधी धडक, मग दूध!

चुटू चुटू चुटू. चुटू चुटू चुटू.

पोट झालं टम्म. पायांचं कापणं थांबलं. भुंडूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर मोठा दगड. भुंडूने आईकडे पाहिलं. आई तिथेच. टुणुक! पडलं. पुन्हा आईकडे पाहिलं. आई तिथेच. टुणुक! चढलं की वर!

चिंच म्हणाली, "अगं बाई! हे कुणी शिकवलं?"

भुंडूला ऐकायला वेळ कुठे होता! ते पुढच्या दगडाकडे निघालं होतं.

झाली आपली गोष्ट. आता ज्याला राग आलाय, त्याने माझ्या कुशीत यावं. ज्याला नाही आला, त्यानेही यावं. जागा पुष्कळ आहे.