मथळ्याच्या दोन ओळी मागे

एकदा एक तरुण आई एका वृद्ध गुरुजींकडे बातम्या ऐकायला शिकत होती. त्यात शिकायचं काय, असं डोळस माणसाला वाटेल. पण बाळ होण्याच्या आदल्या वर्षी तिची दृष्टी गेली होती, आणि गुरुजी तर जन्मांध. दोघांचं वर्तमानपत्र म्हणजे लॅपटॉपमधला स्क्रीन रीडर, पडद्यावर जे असेल ते एकाच सुरात वाचून दाखवणारा.

शिष्या हुशार होती. 'एच'ची कळ दाबली की स्क्रीन रीडर बातम्यांच्या पानावर एका मथळ्यावरून थेट पुढच्या मथळ्यावर उडी घेतो, हे तिने पहिल्याच आठवड्यात आत्मसात केलं. दहा मिनिटांत ती चाळीस मथळे ऐके आणि जग कळलं म्हणून लॅपटॉप मिटे.

गुरुजींची रीत मात्र चमत्कारिक होती. तेही उडी घेऊनच मथळ्यावर येत. पण मग खाली बातमीकडे जाण्याऐवजी वरच्या बाणाची कळ दाबत दोन-तीन ओळी मागे जात, तिथलं काहीतरी ऐकत, 'हं' म्हणत, आणि मग पुढे. प्रत्येक मथळ्याला हेच. शिष्येला वाटे, वय झालं, बोटं चुकत असतील. गुरूला असं विचारायचं कसं? तिने विचारलं नाही, संशय तेवढा धरला.

संशयाची तिला आता सवयच झाली होती. दुधाचा वास ती दोनदा घेई. भाजीवाल्याच्या तराजूवर, शेजारणीच्या गोड बोलण्यावर, सासूबाईंच्या 'काही नाही गं, पाणीच पाजलं'वर, सगळ्यांवर तिचा सारखाच संशय. न दिसणाऱ्या आईने दुसरं काय करावं? (दिसणाऱ्या आयाही फारसं वेगळं करत नाहीत, हे आपलं जाता जाता.)

एके दिवशी सकाळी बाळाला ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, दर सहा तासांनी पिचकारीने पाजायचं. पिचकारीच्या दांड्यावर त्यांनी नखाला लागेल अशी खाच करून दिली, तेवढंच ओढायचं. पहिला डोस आठ वाजता झाला. दुसऱ्याची वेळ होईपर्यंत मन गुंतावं म्हणून तिने बातम्या लावल्या, आणि चौथ्या उडीला तो एकसुरी आवाज म्हणाला, "मथळा. तापाचं औषध पाजलं आणि बाळ पुन्हा उठलंच नाही."

तिने बाटली दूर सारली.

"मी सांगत नव्हते, ही औषधं नकोत म्हणून?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मोबाइलवरसुद्धा सकाळी तेच आलंय."

दोन वाजून गेले. तीन वाजले. बाळ रडेनासं झालं, नुसतं कण्हू लागलं. तेव्हा तिने बाळाला खांद्यावर घेतलं, सासूबाईंना बाटली, पिचकारी आणि लॅपटॉप घ्यायला लावला आणि खालच्या मजल्यावर गुरुजींचं दार वाजवलं.

"गुरुजी, ही बातमी खरी का खोटी, एवढंच सांगा."

गुरुजींनी बाळाच्या तळपायाला हात लावून पाहिला. "डोस कधीचा राहिलाय?"

"दोनचा."

"लाव ती बातमी."

तिने मथळा शोधून काढला. आवाजाने तो तितक्याच शांतपणे पुन्हा वाचला. गुरुजींचं बोट सवयीने वरच्या बाणाकडे वळलं. शिष्येने त्यांचा हातच धरला.

"मागे कुठे चाललात? बातमी खाली आहे. इथे पोर तापलंय माझं."

"माझं बोट चुकतं, असं वाटतं ना तुला?"

तिने त्यांचा हात सोडला.

"मग माझ्या बोटावर विसंबू नकोस. तू दाब. वरचा बाण."

तिने दाबला. "लिंक. बालज्वर काढा, आजच घरपोच मागवा." पुन्हा दाबला. "प्रायोजित मजकूर."

ती खाली गेली, पुन्हा वर आली. यंत्राचं म्हणणं बदललं नाही.

"काढेवाल्याने पैसे मोजून लावलेली जाहिरात," ती हळूच म्हणाली. "म्हणजे खोटं?"

"ते मला ठाऊक नाही. कोण बोलतंय, एवढं कळलं. आता जिने बाळाला तपासलंय तिला विचार."

फोनवर डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग त्यांनी औषधाचं नाव विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "आत्ता पाज. दोन तासांत ताप उतरला नाही तर सरळ घेऊन ये." शिष्येने नखाने खाच चाचपली, तेवढंच औषध ओढलं, आणि बाळाच्या गालाच्या आत हळूहळू सोडलं. बाळाने घोट घेतल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

मग गुरुजी बोलले. "आपण उडी घेतो ती थेट माजघरात, पोरी. घर कुणाचं, दारावर पाटी कसली, ते मागेच राहून जातं. म्हणून मी उडी घेतली की दारापर्यंत परत जातो आणि पाटी ऐकतो. कधी तिथे तारीख निघते, सात वर्षांपूर्वीची. कधी निघतं भलत्याच मुलखाचं नाव. कधी काहीच नसतं, मग चपला न काढता परत फिरतो. तुझा संशय वाईट नाही. पण तो तू घरभर सांडून ठेवलायस. दुधावर, सासूवर, माझ्या बोटावर. आणि जिथे हवा होता, त्या मथळ्यावर मात्र एक थेंब पडला नाही."

"हे बरं सांगितलंत, गुरुजी," सासूबाई म्हणाल्या. "सासूवर, तेवढं पुन्हा एकदा सांगा."

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. बाळ घामेजून झोपलं. सासूबाई त्याची मान पुसता पुसता म्हणाल्या, "तुझं ते ठीक आहे गं. पण माझ्या मोबाइलवर आलं त्यात जाहिरात-बिहिरात काही नव्हतं. मी या डोळ्यांनी वाचलंय."

एरवी इथे वाद झाला असता. सुनेने एवढंच म्हटलं, "आई, मथळ्याच्या वरची ओळ वाचून दाखवता?"

सासूबाईंनी चष्मा लावला. मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला.

"वर काही नाही." मग म्हणाल्या, "थांब. आहे काहीतरी. फार बारीक आहे, राखाडी अक्षरात."

त्यांनी दोन बोटांनी ती ओळ मोठी केली.

"प्रायोजित," त्यांनी वाचलं. आणि थोड्या वेळाने विचारलं, "हे सकाळीही होतं का गं इथे?"

बाळाने झोपेत कूस बदलली, तसे दोघींचे हात एकाच वेळी त्याच्या कपाळाकडे गेले. कपाळ गार होतं. तरी दोघींनीही पुन्हा एकदा हात लावून पाहिला.