चंदेरीची भूक

फार वर्षांपूर्वी एका काचेच्या टाकीत, हिरव्या पाणवनस्पतींमध्ये, अंगावर चमकती निळी रेघ असलेले इवले निऑन मासे राहत होते. मालकाने निव्वळ रूपावर भाळून चंदेरी नावाचं एंजल माशाचं पिल्लू त्यांच्यात सोडलं. ती कोपऱ्यात थरथरत होती. ठिणगी नावाची निऑन जवळ आली. "भिऊ नकोस गं, आमच्यातच राहा."

दोघी बहिणींसारख्या राहिल्या. चंदेरी तळहाताएवढी झाली, ठिणगी मात्र बोटाच्या पेराएवढीच राहिली. एका सकाळी चंदेरीला कडकडून भूक लागली. समोर काहीतरी चमकलं आणि तिने ते गिळलं. बाकीचे मासे पानांआड पळाले.

"ठिणगे, सगळे का गं पळाले?"

उत्तर आलं नाही. तेव्हा तिला कळलं.

"मी मुद्दाम नाही केलं," ती रडत म्हणाली.

"ठाऊक आहे, पोरी," पानांआडून म्हातारा निऑन म्हणाला. "पण तू इकडे येऊ नकोस."