साबाजीने पेरलेला डोंगर

गोव्याहून सुटलेलं फिरंगी गलबत परत कधी येईल, हे सांगणं कठीण असायचं, त्या काळची ही गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कुंभवणे गावचा साबाजी अशाच एका गलबतावर खलाशी होता. तेरा वर्षांनी तो घरी परतला, तेव्हा त्याच्या कमरेच्या पिशवीत फक्त ब्राझीलच्या बिया होत्या, असं म्हणतात.

गावामागचा डोंगर तेव्हा बोडका होता. त्यावरची झाडं गलबतांसाठीच तुटली होती, आणि हे साबाजीच्या मनाला लागलं होतं. दर पावसाळ्यात वरची माती वाहून येई आणि गावचा एकुलता एक झरा बुजवून टाकी. साबाजीने साऱ्या बिया डोंगरावर पेरल्या.

तिसऱ्या वर्षी लालपिवळी बोंडं लटकली. फळाबाहेर लोंबणारं बी पाहून आंब्याफणसाचं ते गाव हसलं. पुनाजी गावकरांनी, म्हणजे गावच्या प्रमुखांनी, ते बी कच्चंच दाताखाली फोडलं. ओठ वांग्यासारखे सुजले; शब्द फुटेना. तेव्हा देवळासमोर निवाडा त्यांच्या बायकोने सांगितला.

"ज्या फळाक आपला बी पोटात ठेवची अक्कल नाय, ता आमच्या डोंगरार कित्याक? फाल्या सकाळीच कुराडी घेवन या."

ब्राझीलच्या किनाऱ्यावरची एक बाई या बिया आधी भाजून घ्यायची, हे साबाजीने पाहिलेलं होतं. त्याने तिथेच विस्तव केला. बियांतलं तेल भडकलं, ज्वाळा दीपमाळेच्या वर गेल्या, आणि त्यांत हात घालूनही त्याच्या कातडीला डाग पडला नाही, असं म्हणतात. काजू भाजणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही.

"वयनी, पयलो मी खातंय," तो म्हणाला. "मेलंय तर झाडां तोडा."

त्याने काळं टरफल दगडाने फोडलं आणि पांढरा गर खाल्ला. ऊन देवळाच्या पायऱ्या उतरून गेलं, तरी साबाजी जिवंतच. मग त्याने दुसरा गर पुढे केला. वहिनींनी तो सावकाश चावला आणि नवऱ्यासाठी मूठभर पदरात बांधून घरी गेल्या. कुऱ्हाडी निघाल्याच नाहीत.

झाडांनी माती धरली, झरा मोकळा झाला. साबाजी गेला त्या दिवशी, ऐन वैशाखात, तो झरा पुरुषभर उसळला, असं म्हणतात.

कुंभवण्याचा माणूस परदेशातून आला, की आजही तिकडचं एक बी आणतो आणि साबाजीचं नाव घेऊन डोंगरावर पुरतो. मस्कतहून खजुराचं येतं. गेल्या वर्षी लिस्बनहून आलेल्या एका मुलीने ऑलिव्हचं आणलं. बहुतेक बिया रुजत नाहीत. तरी श्रावणात माणसं तिथे वाकून वाकून पाहत फिरतात, आणि त्या मुलीच्या बीला म्हणे दोन पानं आली आहेत.